गॅदरिंगचा खर्च कशाला? वाईट बातमी लवकर पोचावी म्हणून

दरवर्षी बजेटची एक्सेल शीट फिरायला लागली की एका ओळीवर कुणाचं तरी बोट हमखास येतंच, ती ओळ म्हणजे टीम गॅदरिंग. तीन देशातली माणसं एका ठिकाणी आणायची, विमानाची तिकिटं, व्हिसा, हॉटेल, गाड्या, जेवणं, आणि एवढं करून हाताला काय लागणार, व्हिडिओ कॉल आहेत की, असा सूर असतो. विचारणाऱ्याचं चुकत नाही, पैसे खरंच लागतात. पण गेली काही वर्षं हे सगळं जुळवायचं काम माझ्याकडं आहे आणि ह्या प्रश्नाचं उत्तर दरवेळी मीटिंगच्या शेवटच्या पाच मिनिटात कोंबावं लागतं, त्यामुळं यावेळी म्हटलं निवांत बसून लिहूनच काढूया.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही पंप आणि व्हॉल्वची कास्टिंग्ज करतो, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग, आणि डिझाईन, पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना), ओतकाम, मशीनिंग सगळं आमच्याकडंच. कंपनी मूळची जर्मनीची, स्टुटगार्टच्या बाजूची, एक ऑफिस अमेरिकेत मिशिगनला आणि आम्ही इकडं गोकुळ शिरगावला. कोल्हापूरकरांना फौंड्री काय असते हे सांगायला नको, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही जावा, प्रत्येकाच्या नात्यात एखादा मोल्डर (साचे बनवणारा), पॅटर्नवाला नाहीतर मशीनशॉपवाला असतोच. बाहेरच्या वाचकांसाठी मात्र एक गोष्ट सांगते, कारण माझं पुढचं सगळं बोलणं तिच्यावरच उभं आहे.

ओतकामात चूक जितकी उशिरा कळेल तितकी ती महाग पडते. ड्रॉइंग बघतानाच कुणाला शंका आली, की बाबा इथं भिंत जाड आहे आणि शेजारी एकदम पातळ, जाड भाग शेवटी थंड होणार आणि आत श्रिंकेज धरणार, म्हणजे धातू आकसून पोकळी राहणार, तर तेव्हा ते अर्ध्या तासाचं काम असतं, ड्रॉइंग बदललं की झालं. पॅटर्न तयार झाल्यावर कळलं तर पॅटर्न बदला, कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा बनवायची पेटी) बदला. ओतल्यावर कळलं तर माल परत भट्टीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोटातला ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या वायूची पोकळी, वरून कास्टिंग चकाचक, इन्स्पेक्शन पास, कंटेनर न्हावाशेवाहून बोटीवर चढतो, काही आठवडे समुद्रात, आणि तिकडं जर्मनीत मशीनवर पहिला कट मारला की भोक उघडं पडतं. मग त्यांची लाईन थांबते, मेलवर मेल सुरू होतात, बदली माल विमानानं पाठवावा लागतो, आणि त्या एका विमानाच्या बिलात एखादं छोटं गॅदरिंग आरामात निघालं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की वेगवेगळ्या देशातल्या ऑफिसांचं कल्चर चांगलं का वाईट हे बघायचं असेल तर एवढंच बघा, वाईट बातमी किती लवकर पोचते आणि किती सरळ पोचते. भिंतीवरची व्हॅल्यूजची पोस्टरं, टीशर्ट, ग्रुप फोटो हे सगळं नंतर. आणि वाईट बातमी माणूस अनोळखी माणसाला सांगत नाही, ओळखीच्याला सांगतो, तेही ज्याच्यावर भरवसा आहे अशा ओळखीच्याला. गॅदरिंग करायचं ते त्यासाठी.

आमच्या डिझाईनमध्ये एक पोरगा आहे, कागलकडचा, वडील मोल्डर, त्यामुळं ड्रॉइंग उघडलं की त्याच्या डोळ्यासमोर थेट साचाच उभा राहतो. पूर्वी काय व्हायचं, कॉलला स्क्रीनवर दहा-बारा चौकोन, जर्मनीची टीम नवीन बॉडीचं ड्रॉइंग दाखवतेय, कुणाला काही विचारायचंय का म्हटलं की हा गप्प, माईक म्यूट. कॉल संपला रे संपला की खुर्ची फिरवून लीडला धडाधडा सगळं सांगणार, सर ह्या रिबच्या (आधाराच्या पट्टीच्या) मुळाशी गडबड होणार बघा, मेटल साठणार इथं. मग लीड दुसऱ्या दिवशी एक मेल लिहिणार, तो इतका मऊ की त्यात शंका काढलीय का कौतुक केलंय हेच तिकडं कळायचं नाही, तिकडून खुलासा मागणारा मेल येणार, त्यात आठवडा गेला, तोवर पॅटर्नची ऑर्डर गेलेली. बरेच जण म्हणतात पोरं इंग्रजीमुळं गप्प बसतात. मला हे अजिबात पटत नाही. कस्टमर ऑडिटला आला की हाच पोरगा शॉप फ्लोअरवर उभा राहून इंग्रजीत सगळं नीट समजावून सांगतो. समोरचा माणूस समोर असला की त्याला जमतं, चौकोनातल्या माणसाला काय वाटेल ह्याचा अंदाजच येत नाही म्हणून तो तोंड उघडत नाही.

मग एका जानेवारीत गॅदरिंग कोल्हापूरला झालं. जर्मनीच्या डिझाईन लीड आलेल्या, पन्नाशीच्या बाई, त्यांना पॅटर्न शॉप आणि छोटी फौंड्री बघायची होती, प्रेझेंटेशनमधली नको खरी दाखवा म्हणाल्या, तर ह्याच पोराला त्यांच्याबरोबर उद्यमनगरात पाठवलं. मीही बरोबर होते. एका शेडमध्ये त्यानं साच्याची माती उचलून मुठीत दाबली, मूठ उघडून दाखवली, बोटांचे ठसे स्वच्छ उठलेले, मग तो गोळा मधोमध मोडला आणि कड बघा म्हणाला, कड धारदार राहिली म्हणजे पाणी बरोबर, भुगा झाला तर कमी, हाताला चिकटली तर जास्त. बाईंनी पर्स माझ्याकडं दिली आणि स्वतः मूठ भरली. त्यांचा गोळा मोडताना ढासळला, त्यानं परत दाखवलं, अंगठा कुठं ठेवायचा, किती दाबायचं, आणि शेडमधले दोन म्हातारे मोल्डर काम थांबवून बघत उभे. चौथ्या-पाचव्या मुठीला त्यांना जमलं. त्यांच्याकडं हे सगळं मशीन मोजतं, वाळूची ओल, ताकद, सगळं डिजिटल, त्यांनी हातानं कधी केलंच नव्हतं. येताना गाडीत दोघं रनर-रायझरवर, म्हणजे साच्यात धातू जायच्या आणि भरून निघायच्या वाटांवर, असे भांडत होते की ड्रायव्हरनं मला हळूच विचारलं, मॅडम काय झालं का?

त्यानंतर काही महिन्यांनी नवीन व्हॉल्वचं ड्रॉइंग आलं आणि ह्यानं कॉलची वाटच बघितली नाही, थेट बाईंना चॅटवर रिबचा स्क्रीनशॉट, त्यावर लाल गोल, इथं हॉट स्पॉट होणार, म्हणजे धातू इथं सगळ्यात शेवटी थंड होणार. अर्ध्या तासात त्यांचा फोन, संध्याकाळी बदललेलं ड्रॉइंग. मधे लीड नाही, मी नाही, मऊ मेल नाही. बजेटवाल्यांना मी हेच सांगते, हातात हे येतं.

ह्या गप्प बसण्यावर अभ्यासही झालेत. गेर्ट हॉफस्टेड नावाचे डच संशोधक होते, त्यांनी आयबीएमच्या वेगवेगळ्या देशातल्या कर्मचाऱ्यांचे 1967 ते 1973 ह्या काळातले सर्व्हे घेऊन देशादेशातल्या कामाच्या सवयी मोजल्या. त्यातलं एक माप म्हणजे वरिष्ठ आणि कनिष्ठ ह्यांच्यातलं अंतर लोकांना किती स्वाभाविक वाटतं, त्यात भारताचा आकडा 77, अमेरिकेचा 40 आणि जर्मनीचा 35. म्हणजे तिकडं ज्युनिअरनं सिनिअरला हे चुकलंय म्हणणं रोजचं, आणि आमच्यात ते म्हणायला आधी घसा साफ करावा लागतो. आता हा आकडा एकेका माणसाला चिकटवायचा नाही, हे मी आमच्या मॅनेजरांना कायम सांगते, मला जर्मनीतही दबून बोलणारी माणसं भेटलीत आणि आपल्याकडं तर मालकाच्या तोंडावर बोलणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. पण एकूण टीमचा कल कुठं आहे हे त्यातनं कळतं, आणि कळलं की जबाबदारी कुणाची हेही कळतं. बोलत जा रे पोरांनो असं सांगून भागत नाही, ज्याच्याशी बोलायचंय त्यानं आधी जवळ येऊन बसावं लागतं.

ह्या बाबतीत मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मोटारींच्या धंद्यातलं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक प्लांट होता, गैरहजेरी, भांडणं, खराब माल ह्यासाठी बदनाम, 1982 ला तो बंद पडला. 1984 ला जीएम आणि टोयोटानं मिळून तो परत सुरू केला, नुम्मी नावानं, आणि कामगार बहुतेक तेच जुने घेतले. टोयोटानं काय केलं, मॅन्युअल पाठवली नाहीत, त्या अमेरिकन कामगारांच्या तुकड्या जपानला नेल्या आणि टोयोटाच्या लाईनवर जपानी कामगारांच्या शेजारी उभं केलं. तिथं त्यांनी बघितलं की लाईनवरचा कुणीही माणूस अडचण आली की दोरी ओढतो आणि टीम लीडर रागवायला नाही तर मदतीला पळत येतो. जीएममध्ये लाईन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी. हे सांगून कुणाला पटलं नसतं, शेजारी उभं राहून दोरी ओढलेली बघितली तेव्हा पटलं. पुढं थोड्याच काळात त्याच प्लांटमधनं, त्याच माणसांच्या हातनं चांगल्या गाड्या निघायला लागल्या. आणि ह्याचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा, जीएमला हीच गोष्ट आपल्या बाकीच्या प्लांटमध्ये पसरवायला फार जड गेलं, यंत्रं आणि पद्धती उचलून नेता आल्या पण लाईन थांबवली तरी चालतं हा भरवसा तसा उचलून नेता येत नाही. आमच्याकडं पण अँडॉनचा दिवा आहे, त्या दोरीसारखाच, अडचण आली की पेटवायचा, कोल्हापुरातल्या अनेक फौंड्रीत असेल, तो पेटवायची हिंमत दिव्याबरोबर येत नाही.

वरच्या माणसानं स्वतः येऊन बसणं किती मोठी गोष्ट असते हे खरं तर कोल्हापूरला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढून द्यायला मदत केली, सत्यसुधारक हॉटेल, आणि नुसती मदत करून थांबले नाहीत, स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. ज्या काळात दलिताच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं त्या काळात. त्या गोष्टीची उंची वेगळी, तिची ऑफिसच्या गॅदरिंगशी बरोबरी मी करत नाहीय आणि कुणी करूही नये. पण राजा हुकूम काढू शकत होता आणि त्यांनी खूप हुकूम काढलेही, 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामा सगळ्यांना माहितीय, तरीसुद्धा चहा प्यायला ते स्वतः जात राहिले. मला वाटतं आमच्या सीईओंपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी ह्यातनं घ्यायचं ते हे, जात राहायचं. एकदा जाऊन फोटो काढून यायचं नाही.

इथं माझं बाकीच्या कंपन्यांशी जरा वाजतं. बऱ्याच ठिकाणी वर्षातनं एकदा मोठा इव्हेंट, रिसॉर्ट, डीजे, अँकर, स्टेजवर मोठ्या साहेबांचं भाषण, आणि उरलेले अकरा महिने एकमेकांचं तोंड नाही. मला विचाराल तर ते पैसे वाया. गॅदरिंगचा सगळा जीव नेमात आहे. कोल्हापुरात तालमी बघा. पेठेतला पोरगा पाटाकडील, खंडोबा नाहीतर दिलबहार तालमीत वाढतो म्हणजे काय, रोज संध्याकाळी तो तिथं असतो, काम असो नसो, कट्ट्यावर बसतो, मोठ्यांचं ऐकतो, लहानांना दटावतो, फुटबॉलचा सीझन आला की शाहू स्टेडियमला जातो, गणपतीला वर्गणी काढतो. आणि मग महापूर आला की तीच तालीम रात्रीत माणसं, दोर, जेवणाचे डबे सगळं उभं करते, कुणाला फोन करून समजवावं लागत नाही कारण कोण पोहतो, कुणाची जीप आहे, कुणाची आई आजारी आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तीन देशात पसरलेल्या ऑफिसला रोज संध्याकाळचा कट्टा जमणार नाही, पण त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं असं मी ठरवलंय.

आमचा नेम असा. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तिन्ही ऑफिसचा चहाचा कॉल. ही वेळ शोधायलाच बरेच दिवस गेले. थंडीत आमचे साडेसहा म्हणजे स्टुटगार्टला दुपारचे दोन आणि मिशिगनला सकाळचे आठ, उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासानं पुढं जातात म्हणून स्टुटगार्टला तीन आणि मिशिगनला नऊ. आणि मधे एक भानगड आहे जी सगळ्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावी, अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतात आणि युरोपची शेवटच्या रविवारी, तसंच परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळं वर्षातले ते काही आठवडे सगळ्यांची गणितं चुकतात, एक ऑफिस तासभर आधी येऊन बसतं. आपण बरे, आपलं घड्याळ कधी हलत नाही, म्हणून आम्ही सगळी वेळ भारताच्या घड्याळावर बांधली आणि बाकीच्यांनी ते मान्य केलं. हे छोटं वाटेल पण आधी सगळं जर्मनीच्या घड्याळावर चालायचं आणि आपल्याकडच्या पोरांना आपण नंतरचे आहोत असं वाटायचं, कुणी बोलायचं नाही पण वाटायचं.

ह्या कॉलला अजेंडा नाही. काम निघालं तर चालतं पण काढलंच पाहिजे असं नाही. एक नियम आहे, प्रत्येक ऑफिसनं एका खोलीत, एका टेबलाशी बसायचं आणि एक कॅमेरा लावायचा, प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवरून यायचं नाही. कारण चौकोनात बसलेला माणूस एकटा असतो आणि टेबलाशी बसलेल्याला शेजारचा कोपर मारून म्हणतो, सांग की तू ते परवाचं. आमच्याकडं चहाबरोबर भडंग नाहीतर कांदा भजी, तिकडं केक, मिशिगनवाल्यांचा नाश्ता. सुरुवातीला पाच-सहा आठवडे लई अवघडल्यासारखं झालं, पाऊस कसा आहे ह्यापलीकडं गाडी जाईना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच कंपन्या नेमक्या ह्याच टप्प्यावर बंद करतात. बंद करायचं नाही. एक दिवस आपोआप कुणीतरी म्हणतं की काल आमच्याकडं एक लॉट रिजेक्ट झाला, आणि दुसरीकडचा म्हणतो आमच्याकडं पण तसंच झालं होतं, आणि तिथनं पुढं खरा कॉल सुरू होतो.

तरी कॉल तो कॉलच. एमआयटीचे थॉमस ॲलन ह्यांनी 1970 च्या दशकात इंजिनिअर लोकांवर अभ्यास करून दाखवलं होतं की दोन टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं कमी होतं, पन्नास मीटरच्या पुढं तर जवळपास नसल्यातच जमा. पन्नास मीटर! आमच्याकडं डिझाईन आणि फौंड्रीच्या शेडमधलं अंतर त्याहून जास्त आहे, जर्मनीचं तर सोडूनच द्या. म्हणून वर्षातनं एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं, आणि ठिकाण फिरतं ठेवायचं, ह्या बाबतीत मी हट्टी आहे. कायम हेड ऑफिसलाच गॅदरिंग ठेवलं तर काय होतं, आपल्याकडनं दोन-तीन मॅनेजरच जातात. जर्मनीला जायचं तर शेंगेन व्हिसा, कागदं, बँक स्टेटमेंट, पुण्या-मुंबईची अपॉइंटमेंट, अमेरिकेला तर मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत गॅदरिंग होऊन जायचं. उलट जर्मन आणि अमेरिकन माणसाला भारताचा ई-व्हिसा घरी बसून काढता येतो. मग कोल्हापूरला ठेवलं की आमच्याकडचे सगळे असतात, ट्रेनीसुद्धा, आणि खरी गरज त्यांनाच असते. परक्या गावात सगळं विचारून विचारून करावं लागणं हा अनुभव पण फिरता असला पाहिजे, एकदा त्यांनी पाहुणं व्हावं, एकदा आपण.

कोल्हापूरला ठेवायचं तर महिना जपून निवडावा लागतो. जुलै-ऑगस्टला पुराची धास्ती, त्यात श्रावणात निम्म्या लोकांचं मटण बंद, आणि कोल्हापूरला येऊन तांबडा-पांढरा नाही म्हणजे काय. ऑगस्टला जर्मनी तशीही सुट्टीवर असते. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग, डिसेंबरचा शेवट नाताळ. राहता राहिला जानेवारी-फेब्रुवारी, आणि तोच बरा, हवाही चांगली. पन्हाळ्याला नेतो सगळ्यांना, 1660 चा वेढा, बाजीप्रभू, सगळं आमचीच पोरं सांगतात, गाईड लावत नाही, आणि अंबरखान्यात शिरलं की सगळे इंजिनिअर वर बघत उभे राहतात आणि धान्य कोरडं कसं ठेवत असतील ह्यावर चर्चा सुरू. वर झुणका-भाकर, ठेचा, दही. जेवणात शाकाहारी माणसाला नुसता भात-डाळ देऊन बसवायचं नाही हेही मी बघते, त्याच्यासाठीही तितकंच मन लावून केलेलं असावं.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. गॅदरिंग संध्याकाळच्या दारूवर उभं करू नका. तिकडं बिअर हे साधं प्रकरण आहे, कुणी वाईट हेतूनं करत नाही, पण आमच्या ऑफिसातल्या निम्म्या बायका सातला घरी निघतात, कुणाचं लहान मूल, कुणाच्या घरी म्हातारं माणूस, आणि खऱ्या गप्पा जर नऊनंतर होणार असतील तर त्या सगळ्याजणी कायमच्या बाहेर राहतात. मग सहा महिन्यांनी प्रमोशनच्या वेळी ज्याचं नाव तोंडावर येतं तो रात्री बसलेला असतो. म्हणून आमच्याकडचं महत्त्वाचं सगळं दुपारच्या जेवणाला. लांब जेवण, दोन-अडीच तास, बसायच्या जागा ठरवून दिलेल्या, एका टेबलावर एकाच ऑफिसचे दोनाहून जास्त नाहीत. संध्याकाळी ज्याला जे करायचंय ते करावं, काही पाहुण्यांना पोरं दूध कट्ट्यावर घेऊन जातात आणि म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलेला जर्मन माणूस ती गोष्ट वर्षभर सांगत फिरतो.

2024 च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याला धोका पातळी ओलांडली. आपल्याला सवय, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे कोल्हापूरच्या शाळकरी पोराला पण पाठ असतात, आणि 2019 ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलेलं, हायवे शिरोलीजवळ कितीतरी दिवस बंद, हे कुणी विसरलेलं नाही. यावेळी पाणी चढायला लागलं तेव्हा निम्मी टीम घरात सामान वर चढवत होती, कुणी पाहुण्यांकडं हलत होतं. मी स्टुटगार्टला कळवायला मेल लिहायला घेतला तर त्याआधीच तिकडच्या प्लॅनिंगच्या माणसाचा मेसेज आलेला, बंधारा किती फुटावर आहे आत्ता? तो माणूस जानेवारीत घाटावर उभा होता, कुणीतरी त्याला पाणी कुठवर येतं ते हातानं दाखवलं होतं, ते त्यानं लक्षात ठेवलेलं. पुढच्या तासाभरात त्यांनी आमच्या डिस्पॅचच्या तारखा स्वतःहून पुढं ढकलल्या, कस्टमरला स्वतः कळवलं, आणि मिशिगनच्या टीमनं आमची दोन ड्रॉइंगं उचलली. आमच्याकडनं कुणीही काहीही मागितलं नव्हतं. वाईट बातमी सांगावीसुद्धा लागली नाही, ती पोचलेली होती. त्या दिवशी मला जे वाटलं ते शब्दात मांडता येत नाही, बजेटच्या शीटमध्ये तर त्याला रकानाच नाही.

काय चालत नाही हेही थोडक्यात सांगते, कारण लोक तेच आधी करतात. डोळे बांधून मागं पडायचे खेळ, त्यात कुणाला कुणाबद्दल विश्वास वाटल्याचं मी तरी बघितलं नाही. तासातासाची प्रेझेंटेशन्स, ती कॉलवरही होतात, त्यासाठी हजारो किलोमीटर कशाला यायचं. एकत्र काहीतरी हातानं करायला द्या, एक जुनं रिजेक्ट कास्टिंग टेबलावर ठेवा आणि मिसळलेल्या टीमला म्हणा कापा, शोधा कुठं बिघडलं. त्या दोन तासात माणसं एकमेकांना जितकी कळतात तितकी दोन दिवसांच्या खेळात कळत नाहीत.

आता माझ्या डोक्यात जे आहे ते सांगून थांबते. आत्तापर्यंत आमच्या गॅदरिंगला ऑफिस स्टाफ असतो, डिझाईन, क्वालिटी, प्लॅनिंग, अकाउंट्स. मोल्डिंग आणि फेटलिंगची (ओतलेलं कास्टिंग घासून साफ करणारी) माणसं नसतात, शिफ्ट चालू असते म्हणून. पण कास्टिंगमधली गडबड सगळ्यात आधी कुणाला कळते, तर ग्राइंडर हातात असलेल्याला, आवाज बदलला की त्याला समजतं इथं काहीतरी आहे. त्याची बातमी आजही सुपरवायझर, मग क्वालिटी, मग लीड अशी तीन पायऱ्या चढून जाते. तर येत्या जानेवारीला दुपारच्या जेवणाला पहिल्या शिफ्टची माणसं बसवायची, प्रत्येक टेबलावर दोन, शेजारी मराठी-इंग्रजी दोन्ही बोलणारं कुणीतरी, आणि त्यासाठी एक शिफ्ट बंद ठेवायची, पगारी. एका शिफ्टचं प्रॉडक्शन म्हणजे किती टन आणि किती रुपये हे मी काढून ठेवलंय आणि त्याच्याखाली गेल्या वर्षी विमानानं पाठवलेल्या बदली मालाचं बिल जोडलंय. फौंड्री मॅनेजर अजून तयार नाहीत, त्यांचं म्हणणं डिलिव्हरी कशी गाठायची, आणि तेही बरोबर आहे, म्हणून शनिवारी त्यांच्याबरोबर बसून शिफ्टचं वेळापत्रक जुळवायचंय. शीट सोमवारी वर जाणार आहे.